माटुंगा, गोपुरी, देहू : मैल्यातून आग काढणाऱ्यांची हकिकत

गोबरगॅसवरच्या पुस्तकांत आणि अहवालांत एक विधान वर्षानुवर्षे जसेच्या तसे उतरवले जाते. भारतातले मिथेन वायूचे पहिले संयंत्र १८५९ साली मुंबईत, माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात उभे राहिले, असे ते विधान. त्यातले ठिकाण खरे आहे, साल खरे असू शकत नाही. तो आश्रमच मुळी १८९० साली उघडला. एकाने चुकीचे लिहिले, दुसऱ्याने त्याच्यावरून घेतले, आणि एकतीस वर्षांनी उभ्या राहणाऱ्या इमारतीच्या आवारात संयंत्र आधीच बांधले गेले. जुन्या तांत्रिक नोंदी सांगतात ते साल १८९७ आहे. आश्रमाच्या मैलापाण्याच्या टाक्यांवर वायू गोळा करण्याची सोय केली होती आणि तो वायू उजेडासाठी आणि इंजिन चालवण्यासाठी वापरला जात होता, असे त्या नोंदींत आहे.

मला १८९७ पटते, कारण आजूबाजूच्या सगळ्या घटना त्याच्याशी जुळतात. इंग्लंडातल्या एक्सेटर शहराचा सर्व्हेअर डोनाल्ड कॅमेरून याने १८९५ साली बंदिस्त टाकीत मैला कुजवण्याची रीत यशस्वी करून दाखवली. आज आपण जिला सेप्टिक टँक म्हणतो ती हीच. तिथे टाकीतून निघणारा वायू दिव्यांसाठी वापरला गेला. दुसऱ्याच वर्षी, १८९६ च्या सप्टेंबरात, मुंबईत मांडवी भागात प्लेग निघाला. गोव्याहून आलेल्या कुटुंबातले डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. त्यानंतर मुंबईच्या गटारांकडे कुणाला दुर्लक्ष करता येईना. महापालिकेचे ड्रेनेज इंजिनिअर सी. सी. जेम्स हे याच काळात उष्ण हवेत मैल्याची विल्हेवाट कशी लावावी यावर प्रयोग करत होते, आणि पुढे त्यांनी त्या विषयावर पुस्तकेही लिहिली. थंड एक्सेटरमध्ये जे काम हळू चालते, ते मुंबईच्या दमट उकाड्यात झपाट्याने होते, हे त्यांच्यासारख्या माणसाच्या लक्षात न येते तरच नवल.

पण असा प्रयोग करायला माटुंगाच का? एक तर ते तेव्हा शहराबाहेर होते. दुसरे म्हणजे, तिथे शेकडो माणसे एका आवारात राहत होती आणि बाहेर जाऊ शकत नव्हती. रस्त्यावर भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्यांना एकत्र ठेवण्यासाठी म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲकवर्थ यांनी हा आश्रम उभा केला. मराठी वाचकांना हे नाव दुसऱ्या कारणाने ओळखीचे असेल. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर गावोगावच्या गोंधळ्यांकडून ऐतिहासिक पोवाडे मिळवून १८९१ साली ज्यांनी छापले, ते हेच ॲकवर्थ. पोवाडे वाचवणारा आणि कुष्ठरोग्यांना छप्पर देणारा माणूस एकच होता, आणि त्याच छपराखाली भारतातला जैविक मिथेन पहिल्यांदा कामाला लागला. ज्यांच्या मैल्यातून तो दिवा पेटला, त्या रुग्णांपैकी एकाचेही नाव या हकिकतीत नोंदलेले नाही. समाजाने ज्यांना हात लावायचे नाकारले त्यांच्यापासून या इंधनाची भारतातली गोष्ट सुरू होते, हे मात्र कुठल्याही अहवालाच्या पहिल्या पानावर यायला हवे.

वायू ओळखीचा होताच. १७७६ च्या शरद ऋतूत इटलीत मॅजोरे सरोवराच्या काठी आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी चिखल काठीने ढवळला, वर येणारे बुडबुडे भांड्यात धरले आणि त्यांना आग लावली. ज्योत निळी होती. दलदलीतल्या या हवेचा कुजणाऱ्या झाडपाल्याशी संबंध आहे हे त्यांनी ओळखले. आज आपल्याला माहीत आहे की हे काम सूक्ष्म जीवांच्या साखळीचे आहे. पहिले जीव अन्न फोडतात, दुसरे त्याची आम्ले करतात, आणि शेवटचे, ज्यांना प्राणवायूचा वाराही सोसत नाही, त्या आम्लांतून मिथेन बनवतात. बाहेर पडणाऱ्या वायूत साठ टक्क्यांच्या आसपास मिथेन, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड, आणि किंचित हायड्रोजन सल्फाइड असतो. कुजक्या अंड्यासारखा जो वास येतो तो या शेवटच्याचा. मिथेनला स्वतःला वास नाही.

माटुंग्यानंतर मुंबईत दादरच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातही असा वायू गोळा होऊ लागला. परंतु या सगळ्या नगरपालिकेच्या गोष्टी होत्या. खेड्यात हा विषय शिरला तो शेणाच्या वाटेने, आणि त्यामागे एक जुनी चिंता होती.

जॉन ऑगस्टस व्होल्कर हे रसायनतज्ज्ञ १८८९ ते १८९१ या काळात भारतभर हिंडले आणि १८९३ साली त्यांचा शेती सुधारणेवरचा अहवाल निघाला. भारतीय शेतकरी खताची किंमत जाणतो, तरी तो शेण जाळतो, कारण त्याला जळण मिळत नाही, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. शेतकऱ्याला अडाणी ठरवणाऱ्या त्या काळात हे प्रामाणिक निरीक्षण होते. शेणी थापायच्या तर शेतात खत नाही, आणि शेत राखायचे तर चूल पेटत नाही. देशावर काय, कोकणात काय, घरच्या बाईला ही ओढाताण रोजची होती. गोवरी जळली की तिच्यातला नायट्रोजन धुरातून निघून जातो आणि हाती राख उरते.

दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी १९३९ च्या सुमारास शेण बंद भांड्यात कुजवण्याचे प्रयोग सुरू केले ते याच पेचातून. बिहारमधल्या पुसा इथे असलेली ही संस्था १९३४ च्या भूकंपानंतर दिल्लीला हलवली गेली होती. शेणातला मिथेन काढून घेतला तरी खताचे सत्त्व मागे राहते, हे या कामातून पुढे आले, आणि पुढच्या सगळ्या प्रयत्नांचा पाया तोच आहे. वायूत कार्बन आणि हायड्रोजन जातात, नायट्रोजन, स्फुरद आणि पालाश स्लरीत, म्हणजे कुजून उरलेल्या काल्यात, राहतात. एकाच शेणातून चूलही पेटते आणि शेतही राखले जाते.

प्रयोगशाळेतले यंत्र परसात आणण्याचे श्रेय जशभाई पटेल यांचे. १९५१ साली त्यांनी तरंगत्या टाकीचे जे संयंत्र बनवले, त्याचीच सुधारलेली रूपे ‘ग्रामलक्ष्मी’ नावाने ओळखली गेली. १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने ते उचलून धरले आणि देशभर त्याचा प्रसार सुरू केला. आज चाळिशी ओलांडलेल्या कुठल्याही खेडेगावच्या माणसाने हे संयंत्र पाहिलेले असते. जमिनीत विटांची विहीर, तिच्या मध्यावर आडवी भिंत, एका बाजूने शेणकाला आत जाण्याचा पाइप, दुसरीकडून स्लरी बाहेर पडण्याचा, आणि वर पाण्यात उपडा धरलेल्या पेल्यासारखी लोखंडी टाकी. वायू साठला की टाकी वर येते, शेगडी पेटली की खाली बसते. किती गॅस उरला हे बाईला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते, त्याला काटा लागत नाही. टाकीच्या वजनानेच वायूला दाब मिळतो. काल्यावर साय धरली तर टाकी मधल्या खांबाभोवती फिरवायची, साय मोडते. इतके सरळ यंत्र आपल्याकडच्या खेड्यांसाठी क्वचितच कुणी बनवले असेल.

त्याचा हिशोबही सांगतो, कारण पुढची सगळी सुखदुःखे त्या हिशोबात आहेत. एक किलो ताज्या शेणातून सुमारे चाळीस लिटर वायू मिळतो. चारपाच माणसांच्या घराला रोज दोन घनमीटर लागतो. म्हणजे पन्नास किलो शेण आणि तितकेच पाणी, रोज. गोठ्यातले एक जनावर दिवसाला दहा किलोच्या आसपास शेण टाकते, तेव्हा चार ते पाच जनावरे हवीत. एक घनमीटर वायूची उष्णता अर्ध्या किलोहून थोड्या कमी सिलिंडरच्या गॅसइतकी. थंडीत जंतू मंदावतात आणि वायू घटतो. बर्नरही वेगळा लागतो, कारण दाब कमी आणि वायूत न जळणारा भाग मोठा. सिलिंडरची शेगडी तशीच जोडली तर ज्योत धड लागत नाही.

चार जनावरे आणि रोज पन्नास लिटर जादा पाणी. या दोन अटींनीच गावातली निम्म्याहून जास्त घरे पहिल्या दिवशी बाहेर पडली.

याच वर्षांत कोकणात एक माणूस वेगळ्या दिशेने निघाला होता. सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजे अप्पासाहेब, कोकणचे गांधी. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी मैला उचलण्याचे काम मागितले. उच्च जातीच्या कैद्याला ते देता येत नाही, असे उत्तर मिळाले, म्हणून त्यांनी अन्नत्याग केला. येरवड्यात असलेल्या गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी डिसेंबरात उपवास धरला. देशभर गाजलेली ही घटना होती. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली अप्पासाहेबांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम सुरू केला. मेलेल्या जनावराचे कातडे, हाडे, शेण, मूत्र, माणसाचा मैला, म्हणजे समाज ज्याला घाण म्हणून एका जातीच्या डोक्यावर देतो ते सगळे, संपत्ती म्हणून हाताळायचे, हा त्यांचा ध्यास होता. ब्राह्मण घरातला हा सुशिक्षित माणूस स्वतः ढोरे सोलत होता. सोप्या संडासांचे प्रयोग करता करता ते मैल्यापासून गॅस काढण्याकडे वळले.

गोबरगॅसच्या इतिहासात अप्पासाहेबांची जागा इंधनतज्ज्ञांच्या यादीत शोधली तर सापडणार नाही. त्यांचा विचार भंगीमुक्तीचा होता. मैला टाकीत आपोआप गेला, आत कुजून निर्मळ झाला, वर गॅस आणि खाली खत मिळाले, तर डोक्यावरून पाटी वाहण्याची कुणाला गरजच उरणार नाही. जो वायू जशभाईंना चुलीसाठी हवा होता तो अप्पासाहेबांना माणसाच्या सुटकेसाठी हवा होता. मला या सगळ्या प्रवासात हा विचार सर्वांत मोठा वाटतो, आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष गेले याचे दुःखही वाटते. सरकारी योजनांनी शेण उचलले, मैला तसाच ठेवला. हाताने मैला उपसणारी माणसे गटारात गुदमरून मरत राहिली, आणि गटारातल्या ज्या वायूंनी ती मेली त्यांत मिथेनही होता.

लोकांची शिसारी हा खरा अडसर होता. संडासाच्या गॅसवर भाकरी भाजायची, ती देवाला दाखवायची कशी, असा प्रश्न घराघरांतून येई. त्याला टिंगलीने उत्तर देता येत नाही. त्याला उत्तर दिले देहूच्या एका डॉक्टरांनी, आणि त्यासाठी आयुष्य दिले. डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर १९६० च्या सुमारास देहूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तुकोबांचे गाव, वारीला लाखोंची गर्दी, आणि गावात संडास जवळजवळ नाहीत. जुलाब आणि जंत यांवर रोज तीच औषधे देत बसण्यात अर्थ नाही, रोग उघड्यावरच्या मैल्यात आहे, हे त्यांनी पाहिले आणि औषधाच्या बाटल्यांबरोबर संडास बांधणीचे काम हाती घेतले. मार्गदर्शनासाठी ते अप्पासाहेबांकडे गेले. गाव एकदम बदलले नाही. घरोघर बोलत, बांधत, बिघडलेले दुरुस्त करत त्यात दोन दशके गेली. मग त्यांनी संडासाला जोडलेल्या गॅस संयंत्राचा ‘मलप्रभा’ हा नमुना विकसित केला.

मैल्याच्या गॅसचे गणित शेणाहून निराळे आहे. माणशी दिवसाला साधारण एक घनफूट वायू मिळतो. एका घराच्या संडासावर त्या घराचा स्वयंपाक होत नाही, चहापाणी होते. पण वसतिगृह, धर्मशाळा, तुरुंग, दवाखाना, यात्रेचे गाव, जिथे शंभर-दोनशे माणसे एकत्र आहेत, तिथे हे संयंत्र उत्तम चालते. माटुंग्याला ते का जमले याचे उत्तरही याच आकड्यात आहे. यात्रेच्या गावात हे काम उभे करणाऱ्या मापुसकरांनी नेमकी जागा हेरली होती. ते २०१५ साली वारले आणि २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

आता मुख्य रस्त्यावर परत येतो. १९७३ पर्यंत देशात गोबरगॅस संयंत्रे जेमतेम काही हजार होती. मग अरब-इस्रायल युद्ध झाले, आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचे भाव सुमारे चौपट झाले. रॉकेलच्या रांगा लागल्या. ज्या शेणाकडे दिल्लीने पाहिले नव्हते ते एकाएकी राष्ट्रीय संपत्ती झाले. महाराष्ट्रात तेव्हा १९७२ चा दुष्काळ नुकताच येऊन गेलेला. चारा-पाण्यावाचून जनावरे गेली होती, आणि जनावरेच नाहीत तिथे गॅस कुठून, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला सांगायला तज्ज्ञ लागत नव्हता.

तंत्रात मात्र खरी प्रगती याच वर्षांत झाली. खादी आयोगाच्या संयंत्रात सगळ्यात महाग वस्तू लोखंडी टाकी, आणि सगळ्यात आधी बिघडणारीही तीच. दरवर्षी रंग द्यावा लागे, नाही दिला की गंज. उत्तर प्रदेशात अजितमल इथल्या केंद्रात काम करणाऱ्यांनी चीनच्या घुमटाच्या संयंत्रांचा अभ्यास करून १९७८ साली ‘जनता’ नमुना आणला. त्यात लोखंड नाही, हलणारा भाग नाही, सगळे वीट-सिमेंटचे आणि जमिनीखाली. १९८४ साली ‘ॲफप्रो’ या संस्थेने त्याचाच आणखी स्वस्त ‘दीनबंधू’ नमुना काढला. दोन वेगवेगळ्या त्रिज्यांच्या गोलांचे तुकडे तळाशी जोडावेत असा त्याचा आकार असल्याने वीट कमी लागते. या घुमटांचे यश सर्वस्वी गवंड्याच्या हातावर आहे. प्लास्टर चिरले, केसाएवढी भेग पडली, की वायू निघून जातो आणि डोळ्यांना काही दिसत नाही. तरंगती टाकी बिघडलेली कळते, घुमट बिघडलेला कळत नाही, चूल पेटेनाशी झाली की शंका येते. शिवाय न जळता निसटलेला मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटींहून जास्त उष्णता धरतो. म्हणून गळके संयंत्र नुसते निरुपयोगी नसते, अपायकारक असते.

१९८१-८२ साली राष्ट्रीय बायोगॅस प्रकल्प सुरू झाला. अनुदान, उद्दिष्टे, जिल्हावार आकडे. पुढच्या काही दशकांत घरगुती संयंत्रांची संख्या पन्नास लाखांच्या जवळ पोचली. हा आकडा बांधलेल्या संयंत्रांचा आहे, पेटणाऱ्या शेगड्यांचा नाही. अनुदान मिळत होते ते खड्डा खणून विटा रचण्याला. तीन वर्षांनी ते चालू आहे का, हे पाहणे कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हते. पाइपात पाणी साठले, कॉक अडकला, बर्नर गंजला, अशा शंभर-दोनशे रुपयांच्या कारणांनी हजारोंचे बांधकाम बंद पडले, कारण तालुक्याला ते दुरुस्त करणारा माणूस नव्हता. बंद पडलेल्या विहिरी कचऱ्याने भरलेल्या मी पुष्कळ गावांत पाहिल्या आहेत. त्याच्या उलट, सिंधुदुर्गात झारापच्या भगीरथ प्रतिष्ठानसारख्या संस्थांनी गवंडी स्थानिक ठेवले, बांधणाऱ्याला दुरुस्तीलाही बांधून घेतले, आणि तिथल्या परसांत हे गॅस चालू राहिले. ज्या जिल्ह्यात गोपुरी आहे तोच हा जिल्हा.

अनुदानाच्या योजनेने आणखी एक नुकसान केले ते अभ्यासकांनी वेळीच सांगितले होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले अमूल्यकुमार रेड्डी आणि त्यांचे सहकारी १९७४ पासून विचारत होते की या तंत्राचा लाभ नेमका कुणाला? रस्त्यावरचे शेण आजवर कुणाचेच नव्हते. भूमिहीन बाई ते गोळा करून शेणी थापत होती. चार जनावरांच्या मालकाने संयंत्र बांधले की शेणाला मोल आले, आणि ते तिला मिळेनासे झाले. तुमकूर जिल्ह्यातल्या पुरा या गावी त्यांच्या गटाने सगळ्या गावाचे सामायिक संयंत्र उभे केले. गावकरी शेण आणून देत, स्लरी खत म्हणून परत नेत, आणि वायूवर इंजिन चालवून गावाला वीज आणि नळाचे पाणी मिळे. स्वयंपाकाचा गॅस वाटण्यापेक्षा पाणी वाटणे सोपे आणि न्याय्य ठरले.

पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी या शतकाच्या सुरुवातीला अगदी मुळाला हात घातला. शेण म्हणजे जनावराने एकदा पचवून टाकलेले अन्न, त्यात जंतूंना मिळणार किती? त्यापेक्षा खरकटे, पिठाची भुकटी, आंब्याच्या कोया, नासके धान्य थेट द्या. त्यांच्या ‘आरती’ या संस्थेच्या छोट्या प्लास्टिकच्या संयंत्रात दोन किलो असे अन्न चाळीस किलो शेणाचे काम करते आणि वायू एका दिवसात हाती येतो, असा त्यांचा दावा होता. त्या संयंत्राला २००६ साली लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. जनावर नसलेल्या शहरी घराला गॅसचे दार प्रथम यातून उघडले. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातले डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ संयंत्रातून हेच काम उपाहारगृहे आणि बाजारांच्या ओल्या कचऱ्यासाठी केले.

२०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि सिलिंडर गावोगाव पोचला. बाईच्या डोळ्यांतला धूर गेला ही आनंदाची गोष्ट आहे, त्याबद्दल कुरकुर करू नये. पण भाव वाढला की तो सिलिंडर कोपऱ्यात बसतो आणि चूल पुन्हा पेटते, हेही खेड्यात राहणाऱ्याला ठाऊक आहे. २०१८ पासून सरकारचा भर मोठ्या कारखान्यांतून दाबून भरलेला बायोगॅस तयार करण्यावर आहे. साखर कारखान्यांच्या गाळातून आणि मळीच्या सांडपाण्यातून तो मिळू शकतो, आणि महाराष्ट्राला त्यात मोठा वाव आहे. तो जरूर करावा.

मात्र घरगुती आणि गावाच्या संयंत्रांसाठी जी काही योजना पुढे निघेल, तिच्याकडे एकच मागणी आहे. अनुदानाचा मोठा हप्ता बांधकामाच्या दिवशी देऊ नका. तो पाच वर्षांत विभागून, दरवर्षी शेगडी पेटते आहे हे पाहून द्या, आणि त्यातला वाटा तालुक्याच्या प्रशिक्षित गवंड्याला द्या. आणि मैल्यावरचे संयंत्र प्रत्येक आश्रमशाळेत, वसतिगृहात आणि यात्रेच्या गावात बांधा.